तलाव, बाग आणि नगर
चंद्रपूरच्या रामाळा तलावाचा इतिहास व त्यापासून घ्यावयाचा बोध

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राचे वनजिल्हे होत. गडचिरोली जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भूभागावर आजही वन उभे आहे. राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान ताडोबा येथे १९५५ साली घोषित झाले, तेही याच प्रदेशात. आलापल्लीजवळचा उंच सागवानांचा वनखंड १९५३ पासून राखून ठेवण्यात आला असून २०१४ साली त्यास जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. अशा प्रदेशात नगरातील बागेविषयी लिहिणे कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. चहूकडे अरण्य असताना चार झाडांच्या बागेचे काय कौतुक, असा प्रश्न नगरपालिकांच्या सभांतून वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर चंद्रपूर शहराच्या उन्हाळ्यात आहे. एप्रिल व मे महिन्यांत येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि देशातील सर्वाधिक तप्त शहरांच्या यादीत चंद्रपूरचे नाव वारंवार येते. वीस-तीस किलोमीटरवर दाट अरण्य असले तरी त्याची सावली शहरातील विटांच्या भिंतींवर पडत नाही. शिवाय अरण्यात वाघ व बिबटे आहेत. तेथे लहान मुलांनी खेळावयास आणि वृद्धांनी फिरावयास जावे असे कोणी म्हणणार नाही. संध्याकाळी मोकळ्या हवेत, झाडाखाली, पाण्याच्या काठी विनामूल्य तासभर बसता यावे, ही नागरिकाची साधी गरज आहे. ज्याच्या घरी अंगण नाही, पंखा आहे पण वीज नाही, त्याच्या दृष्टीने तर ही गरज मोठीच आहे. सार्वजनिक बाग ही या गरजेची पूर्ती होय.

चंद्रपूरकरांची ही गरज शतकानुशतके भागवीत आलेले एक स्थान म्हणजे रामाळा तलाव व त्याचा परिसर. या तलावाच्या भाग्याचे चढउतार पाहिले, तर सार्वजनिक जागा कशाने घडतात, कशाने बिघडतात आणि कशाने सावरतात, हे ध्यानात येते.

तलावांवर वसलेले नगर

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याने बल्लारपूरहून आपली राजधानी हलविली आणि इरई व झरपट या नद्यांच्या सान्निध्यात चांदा नगराचा पाया घातला. झरपटेच्या पाण्याने राजाच्या अंगावरील व्रण बरे झाले आणि त्यामुळे त्याने ही जागा निवडली, अशी आख्यायिका चंद्रपुरात घरोघरी सांगितली जाते. आख्यायिकेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तीत एक मर्म आहे. नगराची जागा पाण्याने ठरविली.

पुढील राजवटींत नगराभोवतीचा परकोट पूर्ण झाला. त्याचा घेर सामान्यतः सुमारे ११ किलोमीटर सांगितला जातो. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसाण अशा पाच खिडक्या या परकोटास आहेत. दरवाजांवर हत्तीवर आरूढ झालेल्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. परकोटाच्या आत केवळ घरे नव्हती. बागा, शेते व तलावही होते. रामाळा, कोनेरी, घुटकाळा, लेंढारा, गौरी ही तलावांची नावे जुन्या माणसांच्या तोंडी आजही आहेत. यांपैकी रामाळ्याचे नाव अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करणाऱ्या रामशहा राजाशी जोडले जाते.

गोंड राजांच्या कारभारातील एक पद्धती येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. जो स्वतःच्या श्रमाने तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन साऱ्याच्या सवलतीने द्यावयाची, अशी या राज्याची परंपरा असल्याचे सांगितले जाते. अशा देणगीस 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहराच्या एका मोठ्या वस्तीस आजही तुकूम हेच नाव आहे. या पद्धतीतील शहाणपण उघड आहे. ज्याने तलाव बांधला त्याचीच जमीन त्या तलावावर अवलंबून राही. पाळ फुटली तर नुकसान त्याचे. गाळ साचला तर पीक त्याचे बुडे. देखभाल कोणी करावयाची हा प्रश्नच उद्भवत नसे. पूर्व विदर्भात आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाणारे सुमारे सात हजार तलाव याच संस्कृतीचा वारसा होत.

१७५१ साली चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. १८१८ साली इंग्रजी फौजांनी चांद्याचा किल्ला घेतला आणि १८५४ पासून हा प्रदेश प्रत्यक्ष इंग्रजी अमलाखाली आला. १८६७ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. सत्ता बदलली, तसतसा तलाव व त्याचा धनी यांमधील जुना संबंध सैल होत गेला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, हे सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यक असे पाऊल होते. परंतु मालगुजाराच्या हक्काबरोबर तलाव राखण्याची त्याची जबाबदारीही संपली. तलाव शासनाचे झाले. मात्र पाळीवर रोज सकाळी फेरी मारणारा माणूस कोण, याचे उत्तर मिळाले नाही. नगरातील तलावांचीही गत याहून निराळी झाली नाही.

तलाव मैदान कसा होतो

१९०१ च्या जनगणनेत चांदा शहराची लोकसंख्या सुमारे १८ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ३ लाख २० हजार झाली. त्याच वर्षी, २५ ऑक्टोबर २०११ रोजी, नगरपालिकेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. मधल्या काळात कोळशाच्या खाणी वाढल्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८० च्या दशकात औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले. कामगार, व्यापारी व नोकरदार यांची वस्ती झपाट्याने वाढली. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, तेव्हा ८३.८८ गुणांसह चंद्रपूर सर्वाधिक प्रदूषित क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर होते.

वाढत्या नगरास सर्वप्रथम जागा हवी असते, आणि ज्या जागेवर घर नाही ती जागा रिकामी आहे असे मानण्याची सवय लागते. उन्हाळ्यात आटलेला तलाव रिकामा दिसतो. प्रथम त्याच्या काठावर मलबा पडतो. मग एक पायवाट होते. पायवाटेचा रस्ता होतो. रस्त्याकडेला टपऱ्या येतात. अखेरीस पाणी येण्याचा मार्गच बुजतो आणि पुढच्या पावसाळ्यात तलाव भरत नाही. न भरणारा तलाव हा तलाव नव्हे असे मग कोणीही सिद्ध करू शकतो. चंद्रपुरातील कोनेरी तलावाची जागा आज मैदान म्हणून परिचित आहे. घुटकाळा हे नाव वस्तीच्या रूपाने उरले आहे. परकोटाच्या आतील तलावांपैकी तलाव म्हणून डोळ्यांत भरेल असा रामाळाच काय तो राहिला.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. तलावाची बाग वा मैदान होणे हे सर्वस्वी वाईटच असते असे नाही. पुण्यातील सारसबागेची जागा हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तलाव करविला. त्यातील बेटावर गणपतीचे मंदिर झाले. कालांतराने तलाव आटला. विसाव्या शतकात पुणे महानगरपालिकेने त्या जागेवर पेशवे उद्यान व सारसबाग उभारली. गणपतीला मात्र लोक अद्यापि 'तळ्यातला गणपती' असेच म्हणतात. तळे गेले तरी जागा सार्वजनिक राहिली, ही त्यातील जमेची बाजू. ज्या तळ्यांवर खाजगी इमारती उभ्या राहतात, तेथे ही बाजूही शिल्लक राहत नाही.

रामाळ्याची दुरवस्था

रामाळ्याचे पाणी टिकले, म्हणून त्याच्या काठी उद्यान व नौकाविहार यांची सोय होऊ शकली. गणेशोत्सवात विसर्जनासाठी लोटणारी गर्दी, मासेमारीवर पोट भरणारी कुटुंबे, सकाळी फिरावयास येणारे वृद्ध आणि हिवाळ्यात उतरणारे पक्षी, या सर्वांना या तलावाने जागा दिली. परंतु उद्यान काठावर होते आणि संकट पाण्यात होते. आसपासच्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे तलावात येत राहिले.

सांडपाण्याने तलाव कसा मरतो, हे समजून घेतले पाहिजे. सांडपाण्यात नत्र व स्फुरद भरपूर असते. शेतात जे खत म्हणून उपयोगी पडते, तेच तलावात जलपर्णीचे खत होते. चंद्रपुरात इकॉर्निया या नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती काही आठवड्यांत पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकते. सूर्यप्रकाश खाली जात नाही. पाण्यातील प्राणवायू घटतो. मासे गुदमरून मरतात. जलपर्णी कुजून तळाशी बसते व गाळाचा थर वाढतो. तलाव उथळ होतो. उथळ पाणी अधिक तापते आणि जलपर्णी पुन्हा फोफावते. दुर्गंधी सुटली की फिरावयास येणारे लोक येईनासे होतात. लोक येईनासे झाले की उद्यानातील दिवे, बाके व कुंपण यांकडे कोणी पाहत नाही. म्हणजे काठावरील बागेचा ऱ्हास हा पाण्यातील ऱ्हासाचा परिणाम असतो. केवळ बाग रंगवून तो थांबत नाही.

जलपर्णी काढण्याच्या मोहिमा हा रोगाच्या लक्षणावरील उपचार होय. नाला जोवर तलावात येतो तोवर ती पुन्हा उगवणारच. आणि नाला वळविणे हे उद्यान विभागाचे काम नव्हे, हाच खरा पेच आहे. नगरातील तलावांच्या बाबतीत जमीन एका खात्याची, पाणी दुसऱ्याचे, मासेमारीचा ठेका तिसऱ्याकडे आणि सांडपाणी चौथ्याकडे, अशी वाटणी सर्रास आढळते. प्रत्येकाकडे आपापला कागद असतो. संपूर्ण तलाव मात्र कोणाच्याच कागदावर नसतो.

लोकांनी केलेली जागृती

या परिस्थितीत पुढाकार नागरिकांनी घेतला. चंद्रपुरातील इको-प्रो या स्वयंसेवी संस्थेने प्रथम परकोटाकडे लोकांचे लक्ष वेधले. १ मार्च २०१७ पासून तिच्या स्वयंसेवकांनी किल्ल्याच्या बुरुजांवरील झाडोरा व कचरा काढण्यास प्रारंभ केला. हे काम दोनशेहून अधिक दिवस अखंड चालले. २९ ऑक्टोबर २०१७ रोजी आकाशवाणीवरील 'मन की बात' या कार्यक्रमात पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. ज्या भिंतीकडे शहराने पाठ फिरविली होती, तिच्यावरून पुढे वारसा सहली निघू लागल्या.

त्यानंतर रामाळ्याचा प्रश्न ऐरणीवर आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेचे अध्यक्ष बंडू धोतरे यांनी तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रह आरंभिला. तलावाचे खोलीकरण करावे, सांडपाणी रोखावे व त्यावर शुद्धीकरणाची व्यवस्था करावी, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. मार्चच्या आरंभी शासनाच्या आश्वासनानंतर सत्याग्रह थांबला आणि त्याच वर्षी तलाव रिकामा करून गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले.

गाळ काढणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु तिचे यश पुढील दहा वर्षांत मोजावयाचे असते. गाळ काढण्यास एक उन्हाळा व एकवार निधी पुरतो. गाळ पुन्हा न येऊ देण्यास दरवर्षीचा निधी, दरमहाची पाहणी आणि नाल्यावरची कायमची व्यवस्था लागते. पहिल्या कामाचे उद्घाटन होते, दुसऱ्याचे होत नाही. म्हणून दुसरे काम मागे पडण्याचा धोका सदैव असतो. रामाळ्याच्या बाबतीत आज जे पणाला लागले आहे ते हेच.

अन्यत्रचा अनुभव

सार्वजनिक खर्चाने उद्यान उभारण्याची आधुनिक कल्पना जगात फार जुनी नाही. इंग्लंडमधील बर्कनहेड येथे १८४७ साली खुले झालेले उद्यान हे तिचे आद्य उदाहरण मानले जाते. मुंबईतील राणीची बाग त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८६२ साली खुली झाली. प्रारंभी ती पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेच्या व्यवस्थेखाली होती. संस्थेस खर्च झेपेना, तेव्हा १८७३ साली मुंबई नगरपालिकेने ती आपल्याकडे घेतली. दीडशे वर्षांनंतरही ही बाग वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने नांदत आहे. त्याचे एक कारण असे की तिचा धनी १८७३ पासून बदलला नाही. २००७ नंतर तेथे मोठ्या फेररचनेची योजना पुढे आली, तेव्हा जुन्या वृक्षसंपदेच्या रक्षणासाठी मुंबईकर नागरिक उभे राहिले. धनी निश्चित असला तरी लोकांची जागरूकता लागतेच, हेही यातून दिसते.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे सेंट्रल पार्क जगप्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकात ते शहर आर्थिक संकटात सापडले आणि खर्चास सर्वप्रथम कात्री लागली ती उद्यानांच्या. हिरवळ नष्ट झाली, बाके मोडली, संध्याकाळी तेथे जाणे लोकांना धोक्याचे वाटू लागले. १९८० साली नागरिकांनी एक संस्था स्थापून महापालिकेच्या सहकार्याने त्याची देखभाल अंगावर घेतली, तेव्हा उद्यान सावरले. जगातील धनाढ्य नगराच्या बागेवर जी वेळ आली ती आपल्या लहान नगरांवर येणार नाही असे मानता येत नाही. बाग श्रीमंतीने टिकत नाही. ती नित्याच्या देखभालीने टिकते.

परंतु सामाईक संपत्ती कशी राखावी हे शिकण्यासाठी इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू तोडणे व विकणे यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला, आणि वन राखण्याची जबाबदारीही तिच्याकडेच आली. हक्क व जबाबदारी एकाच हाती असणे, हे 'तुकूम' पद्धतीतील जुने सूत्र येथे नव्या लोकशाही रूपात दिसते. फरक एवढाच की तेथे धनी एक व्यक्ती होती, येथे सारा गाव आहे.

कायदा काय सांगतो

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने घटनेत बाराव्या अनुसूचीची भर घातली. तीतील बारावा विषय उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांचा आहे. तथापि नगरपालिका व महानगरपालिका यांच्या अधिनियमांत बागांची गणना आवश्यक कर्तव्यांत नसून स्वेच्छाधीन कर्तव्यांत होते. पाणीपुरवठा वा दिवाबत्ती टाळता येत नाही. बाग टाळता येते. निधीची चणचण भासली की बागेची तरतूद प्रथम का घटते, याचे मूळ येथे आहे.

दुसरी बाब आरक्षणाची. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेत बागेसाठी जमीन आरक्षित करता येते. परंतु योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ अन्वये मालक सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. नकाशावर हिरवा रंग दिला म्हणजे बाग झाली असे नव्हे. तारखांची नोंदवही ठेवणारा कर्मचारी नसेल तर नकाशावरील बाग नकाशावरच संपते.

न्यायालयांची भूमिका या बाबतीत स्पष्ट राहिली आहे. बंगलोर येथील बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयास देण्यात आली, तेव्हा १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कृती बेकायदा ठरविली. रुग्णालय उपयुक्त असले तरी बागेची जागा त्यासाठी देता येत नाही, कारण मोकळी हवा हाही सार्वजनिक आरोग्याचाच भाग आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. २००१ साली तलावांच्या रक्षणाविषयी आणि २०११ साली गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणाविषयी त्याच न्यायालयाने दिलेले निर्णय पंचायत सदस्यांनी अवश्य समजून घ्यावेत.

नव्या नगरांना संधी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्या जिल्ह्यात दीर्घकाळ गडचिरोली व देसाईगंज या दोनच नगरपालिका होत्या. २०१५ साली अहेरी, चामोर्शी, धानोरा, कुरखेडा, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा आदी तालुक्यांच्या ठिकाणी नगरपंचायती अस्तित्वात आल्या. चंद्रपूर शहराने जे शतकभरात अनुभवले ते या लहान नगरांपुढे आता येत आहे. मात्र त्यांच्याजवळ चंद्रपुराजवळ नव्हती अशी एक गोष्ट आहे: त्यांच्या मोकळ्या जागा व तलाव अद्याप बुजलेले नाहीत. या दृष्टीने पुढील मुद्दे विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा नोंदीचा. नगराच्या हद्दीतील प्रत्येक तलाव, बोडी, आमराई, बाजाराची जागा व देवराई यांची एकत्र नोंदवही असावी. तीत भूमापन क्रमांक, सीमा, पाणी येण्याचा व जाण्याचा मार्ग आणि जबाबदार खाते यांचा उल्लेख हवा. पाण्याचा मार्ग नोंदल्याविना तलावाची नोंद अपुरी समजावी.

दुसरा मुद्दा क्रमाचा. तलावाकाठी बाग करावयाची असेल तर आधी सांडपाण्याची व्यवस्था, मग काठाचे काम आणि शेवटी कारंजे व बाके. हा क्रम उलटा झाला की खर्च वाया जातो.

तिसरा मुद्दा देखभालीच्या तरतुदीचा. बाग मंजूर करतानाच तिच्या वार्षिक देखभालीचा खर्च, माळ्याची नेमणूक व पाण्याचा स्रोत यांचा निर्णय ठरावात लिहावा. या प्रदेशात लावलेले रोप किमान तीन उन्हाळे पाणी घालून जगवावे लागते. पावसाळ्यातील वृक्षारोपणाचे छायाचित्र हे कामाचे मोजमाप नव्हे. तिसऱ्या वर्षाच्या जून महिन्यात जिवंत असलेल्या झाडांची मोजणी हेच खरे मोजमाप.

चौथा मुद्दा झाडांच्या निवडीचा. वनजिल्ह्यांतील नगरांनी शोभेच्या परदेशी झाडांसाठी दूरवर पाहण्याचे कारण नाही. कडुनिंब, करंज, चिंच, मोह, कुसुम, बेल ही झाडे येथील उन्हाळा सोसतात. पाण्याच्या काठी अर्जुन, जांभूळ व उंबर चांगले वाढतात. ही झाडे सावली देतात, पक्ष्यांना फळे देतात आणि मुलांना आपल्याच वनाची ओळख करून देतात.

पाचवा व सर्वांत महत्त्वाचा मुद्दा लोकांच्या सहभागाचा. बागेसाठी नागरिकांची समिती नेमावी, तिने महिन्यातून एकदा पाहणी करावी आणि तिचा अहवाल सभेपुढे ठेवणे बंधनकारक असावे. कुंपण व पहारेकरी यांपेक्षा रोज येणाऱ्या माणसांची नजर बागेचे रक्षण अधिक करते. म्हणून प्रवेशशुल्क ठेवताना फार विचार करावा. ज्या बागेत गरिबाला जाता येत नाही, तिच्या रक्षणासाठी तो उभा राहणार नाही.

शाळांसाठी अभ्यास

शिक्षकांना हा विषय वर्गाबाहेर नेण्यास सोपा आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून आपल्या गावातील एका तलावाचा वर्षभराचा अभ्यास करवून घेता येईल. दरमहा एकाच ठिकाणी काठी रोवून पाण्याची पातळी मोजावी. तलावात येणारे ओढे व नाले यांचा हातनकाशा काढावा. जलपर्णी किती भागावर पसरली आहे याची नोंद ठेवावी. काठावरची झाडे व येणारे पक्षी यांची यादी करावी. गावातील वृद्धांना विचारून तलावाचे जुने नाव, त्याची पूर्वीची हद्द आणि त्यावर कोणाचे पोट चालत असे, हे लिहून घ्यावे. अशी नोंदवही ग्रामपंचायतीस वा नगरपंचायतीस सादर केली तर तो केवळ शालेय प्रकल्प राहणार नाही. उद्या त्या तलावाच्या हद्दीविषयी वाद झाला तर उपयोगी पडणारी माहिती म्हणून ती कामी येईल.

रामाळ्याचा इतिहास राजाने बांधला म्हणून सुरू झाला, परंतु राजाने बांधला म्हणून तलाव टिकला नाही. ज्या काळात त्याला राखणारे होते त्या काळात तो टिकला. ज्या काळात सर्वांचा म्हणून तो कोणाचाच राहिला नाही त्या काळात तो खालावला, आणि नागरिकांनी व शासनाने त्याची पुन्हा दखल घेतली तेव्हा त्यास सावरण्याची संधी मिळाली. या संधीचे सार्थक व्हावयाचे असेल तर पुढील अंदाजपत्रकात रामाळ्यासाठी व त्याच्यासारख्या प्रत्येक तलावासाठी, प्रत्येक बागेसाठी, देखभालीची स्वतंत्र ओळ असली पाहिजे आणि त्या ओळीसमोर एका जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम लिहिलेले असले पाहिजे.